पाच नंबरचा स्क्रू

१

बन्सीलाल गेला तेव्हा मोटर चालू होती. ही गोष्ट मला पहिल्यापासून खटकली.

बुधवारी सकाळी सातला हेमराजचा फोन आला. हेमराज म्हणजे आमच्या तापीकाठच्या पाणी समितीचा अध्यक्ष. आठ शेतकरी, एक पंपघर, आणि त्या पाण्यावरची निम्मी केळी एकट्या हेमराजची. "मोतीलालभाऊ, लवकर ये. बन्सीलालले करंट लागना. गया तो," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

मी मोतीलाल पाटील. एकतीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकवलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी लोणखेड्यापासून प्रकाशा गावापर्यंत कुणाचा स्टार्टर रुसला की माझाच फोन वाजतो. स्वभाव तिरसट आहे, असं बायको म्हणते. वायरीपुढे गोड बोलून काही होत नाही, असं मी म्हणतो.

पोचलो तेव्हा बन्सीलालला बाहेर निंबाखाली आणून निजवलं होतं. पंपघराच्या दाराशी त्याच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. दहा वर्षं तो ते पंपघर सांभाळत होता आणि एक दिवसही चपला घालून आत गेला नाही. सकाळी लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हायची. मग हा अनवाणी आत जायचा, मोटरच्या अंगाला हात लावायचा आणि तो हात कपाळाला लावायचा. देव्हाऱ्यातल्या देवापेक्षा त्याचा त्या मोटरवर जास्त जीव होता. त्या सकाळीही त्याने तेच केलं.

मी आत गेलो. हेमराज पोचला तेव्हा मोटर चालूच होती, मेन स्विच त्यानेच पाडला होता. जमीन गळलेल्या पाण्याने ओली होती. मोटर नुकतीच दुरुस्त होऊन आलेली, हिरव्यागार रंगात नवरीसारखी चमकत होती. भिंतीवरच्या पॅनलमध्ये रिलेच्या खिडकीत लाल पट्टी पडलेली दिसत होती.

रिले म्हणजे काय, हे सांगतो. मोटरकडे जितकी वीज जाते तितकी परत आली पाहिजे. कमी आली, तर ती कुठेतरी गळते आहे. हा रिले त्या गळतीवर नजर ठेवणारा राखणदार. गळती दिसली की लाल पट्टी पाडायची आणि मोटर बंद करायची, एवढंच त्याचं काम. पट्टी एकदा पडली की हाताने वर करेपर्यंत तशीच राहते.

म्हणजे राखणदाराने चोर पाहिला होता, बोंबही मारली होती, आणि तरी मोटर चालूच राहिली होती.

मी बाहेर आलो. बन्सीलालची मुलगी स्वप्नाली बापाच्या पायाशी बसली होती. ती माझी विद्यार्थिनी, माझ्या वर्गात आलेली पहिली मुलगी. हे पॅनल दोन वर्षांपूर्वी तिने वायर केलं होतं आणि मी तपासून सही दिली होती. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "पोरनी वायरिंग करी, बाप गया."

छबूबाईने, तिच्या आईने, ते ऐकलं. तिने पोरीच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

२

पॅनल उघडलं तेव्हा आम्ही चौघे होतो. मी, हेमराज, स्वप्नाली आणि माझा मुलगा हेमकांत. हेमकांतचं शहाद्याला मोटर दुरुस्तीचं दुकान आहे, बातमी कळताच तोही धावत आला होता.

आत चाळीस वायरी. मी चष्मा पुसत होतो, तेवढ्यात हेमकांतने बोट ठेवलं. "अप्पा, हाई देखा. पाचमा वायरच नही."

खरंच नव्हती. रिले स्वतः मोटर बंद करत नाही. स्टार्टरला धरून ठेवणारी एक बारीक वायर असते, ती रिलेच्या पाच नंबरच्या स्क्रूत शिरते आणि सहा नंबरातून बाहेर पडते. गळती झाली की रिले पाच आणि सहामधली वाट तोडतो, स्टार्टर सुटतो आणि मोटर थांबते. इथे पाच नंबर रिकामा होता. येणारी आणि जाणारी अशा दोन्ही वायरी सहा नंबरच्या एकाच स्क्रूखाली दाबल्या होत्या. वाट रिलेतून जातच नव्हती. तो ओरडत राहिला, पण त्याच्या हातातली दोरी कुणीतरी सोडवून घेतली होती.

"म्हंजे वायरिंगनी चुकी," हेमराज म्हणाला. "दोन सालफाईन मरन तठे टपी बठेल व्हतं, अन् आम्हले ठाऊक नही."

स्वप्नाली त्या दोन वायरींकडे बघत होती. "सर," ती म्हणाली, "मी असं केलं होतं का?"

मला तिथल्या तिथे "नाही" म्हणायचं होतं. पण सही माझी होती आणि दोन वायरी डोळ्यांसमोर होत्या. मी गप्प राहिलो. तिने माझ्या गप्प राहण्याचा अर्थ लावला आणि बाहेर निघून गेली.

हेमराज म्हणाला, "शनिवारले समितीनी मीटिंग शे. तुन्हा रिपोर्ट दे भाऊ, तोच पोलिसले देसूत." हेमकांत हळूच म्हणाला, "लिखी टाका अप्पा. वाईट वाटस, पन जे शे ते शे."

सगळे गेल्यावर मी पुन्हा आत डोकावलो. पाच नंबरच्या रिकाम्या स्क्रूवर मातीचा एक खपला होता. कुंभारीण माशी पॅनलमध्ये मातीचं घर करते, तसलं घर, पण अर्धंच. उरलेलं अर्धं शोधायला वेळ लागला नाही. सहा नंबरात दाबलेल्या एका वायरीच्या टोकाला वाळलेल्या मातीचं कडं चिकटलेलं होतं. दोन्ही तुकडे एकमेकांना तंतोतंत जुळत होते.

माशीने घर बांधलं तेव्हा ती वायर पाच नंबरातच होती. स्वप्नालीने बरोबर जोडली होती. नंतर कुणीतरी हलवली होती.

३

हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण लगेच दुसरी गोष्ट आठवली.

आमच्याकडे रिले सारखा पडायला, म्हणजे मोटर बंद करायला, लागला की त्याला डायरेक्ट करतात. एक वायरीचा तुकडा घेतात, दोन स्क्रूंवर आडवा लावतात, झालं. तो तुकडा कुणालाही दिसतो. पण जास्तीचा तुकडा न लावता, आहे तीच वायर एक घर सरकवून रिले आंधळा करायचा, ही युक्ती गावातल्या मेस्त्र्यांची नाही. ती माझी आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्याच घरी, जेवणाच्या टेबलावर जुना रिले ठेवून मी ती दाखवली होती. "हे असं कुणी केलं तर पटकन दिसत नाही, म्हणून तपासताना आधी हे बघायचं," असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

टेबलाशी दोघंच होती. स्वप्नाली आणि हेमकांत.

गुरुवारी सकाळी मी स्वप्नालीला गाठलं. ती पंपघरामागच्या त्यांच्या घराच्या ओट्यावर बसली होती. आई आत होती, पण दोघींच्यात बोलणं नव्हतं.

"वायर नंतर हलवली आहे," मी म्हणालो. "तू हलवलीस का? मोटर सारखी पडते म्हणून बापाने सांगितलं, तू त्याच्यासाठी केलंस, असं काही?"

तिने माझ्याकडे बघितलं. तसं तिने आजवर कधी बघितलं नव्हतं. "दोन महिने झाले सर, मी पॅनलला हात लावला नाही. बाबांनी सोमवारी सांगितलं होतं, मोटर चार वेळा पडली. मी म्हणाले, पडू द्या, ती तुम्हाला वाचवते आहे." एवढं बोलून तिला रडू फुटलं. "तुम्हीसुद्धा मला विचारता?"

लाज वाटली. पण विचारायचं काम सोडता येत नव्हतं.

तिथून हेमराजच्या मळ्यात गेलो. चव्वेचाळीसचं ऊन, केळी निसवणीवर आलेली, घड बाहेर पडत होते.

"सोमवारले चार येळा पडनी," हेमराज म्हणाला. "बन्सीलाल दर येळे लाल पट्टी वर करे अन् चालू करे. मंगळवारले सकाय बी तसंच. पन दुपारफाईन एकदाबी पडनी नही."

"तू कोणाला काही सांगितलंस?"

"बन्सीलालले सांगं, काहीबी कर, पन पानी बंद नको. आते तू मन्हाकडे असा नको देखू, भाऊ. मी वायरले हात लावस का? घरना बल्बबी मन्ही बायको बदलस." मग तो जरा खुलला. "हेमकांत व्हता म्हनीसन केळी वाचनी. मोटर जळनी, शनिवारले सांजले त्याले दिधी, रविवारले दुपारले रंग मारीसन तयार! भलता हुशार पोऱ्या शे तुन्हा."

शनिवारी संध्याकाळी देऊन रविवारी दुपारी तयार. नवी वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची वेटोळी, भरली की तिला वॉर्निश पाजतात आणि आत बल्ब लावून दोन दिवस सुकवतात. ओली राहिली तर वीज मोटरच्या अंगात गळते. हे मी त्याला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं.

दुपारी दुकानावर गेलो. हेमकांत कुणाच्या तरी पंपाला रंग देत होता. स्क्रूड्रायव्हरचं पातं डब्याच्या झाकणात घालून त्याने झाकण उचकटलं. ह्या सवयीवरून मी त्याला शंभरदा बोललो असेन. त्या दिवशी बोललो नाही.

"बन्सीलालची मोटर किती सुकवलीस?" मी विचारलं.

"दोन दिन. बल्ब लाईसन," तो म्हणाला. वर न बघता म्हणाला.

४

शुक्रवारी सकाळी मी मीटर घेऊन पंपघरात गेलो. रिलेचं कोडं अर्धं सुटलं होतं, पण दुसरं एक होतं. रिले आंधळा झाला तरी अर्थिंग असतं. मोटरच्या अंगाला जोडलेली एक जाड वायर जमिनीत पुरलेल्या धातूच्या प्लेटला जाते. गळलेली वीज त्या वाटेने जमिनीत उतरते, माणसाच्या अंगातून नाही. ते अर्थिंग मी स्वतः मीठ आणि कोळसा घालून पुरलं होतं. मग बन्सीलाल मेला कसा?

बाहेर पाण्याचा आवाज आला. छबूबाई अर्थिंगच्या खड्ड्यात घागर ओतत होती. दहावं व्हायचं होतं, सुतकातली बाई उंबरा ओलांडत नाही. पण ती आली होती.

"बाई, आते कसाले टाकी ऱ्हायनीस पानी?"

"तो सांगी गया ना, भाऊ. म्हने खड्डा सुकाले नको. दोन साल झायात, रोज एक घागर टाकस मी." ती घागर उपडी करून तिथेच टेकली. "त्याले काय उपेग झाया, देव जाने."

खड्डा ओला होता, म्हणजे वीज जमिनीत उतरायला वाट होती. वायर शाबूत होती. मोटरपाशी ती बोल्टने घट्ट आवळलेलीही होती. मी मेन बंद आहे ना हे दोनदा पाहिलं, चाकूने मोटरचा रंग थोडा खरवडला, मीटरची एक सुई त्या उघड्या लोखंडाला आणि दुसरी अर्थिंगच्या वायरीला लावली. मीटर बोललं नाही, म्हणजे दोघांत जोडच नव्हता.

बोल्ट काढला. वायरीच्या टोकाखाली हिरवा रंग होता. जाड, गुळगुळीत, कुठेही न खरवडलेला. मोटर रंगवली आणि अर्थिंगची वायर रंगावरूनच आवळून टाकली. रंगातून वीज जात नाही. छबूबाई रोज पाणी घालत होती त्या खड्ड्याचा मोटरशी काही संबंधच उरला नव्हता.

आता एकच गोष्ट राहिली होती. ती बघायची नाही, असं मनात आलं. खरंच आलं, खोटं कशाला सांगू? बॅटरी घेऊन मी पॅनलमध्ये बघितलं. सहा नंबरच्या स्क्रूच्या खाचेत हिरव्या रंगाचा कण अडकला होता. रंगाचे डबे उघडणाऱ्या पात्याने तो स्क्रू आवळला होता.

आणि चाळीस वायरींत त्याचं बोट सरळ पाचवर गेलं होतं. माझा चष्मा पुसून व्हायच्या आत.

मी बाहेर येऊन छबूबाईशेजारी बसलो. "बाई, मंगळवारले आठे कोन उनं व्हतं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "हेमकांत उना ना दुपारले. त्यासाठेच तर पोरना बापनी दोन भाकरी जास्त मांग्यात. हेमकांतले मन्ही कळनानी भाकर आवडस." तिने पदराने डोळे पुसले. "सांजले घर उना तं भलता खूश व्हता. म्हने, हेमकांतनी मोटर नीट करी दिधी, आते पडत नही. लाल पट्टी पडी तरी घाबराले नको, असं सांगं त्यानी."

"हाई तू कोनले काबरं नही सांगं?"

"माले कोनी इचारंच नही, भाऊ. अन् तुन्हाच पोऱ्या. माले वाटनं, तुले ठाऊक व्हई."

५

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि त्याच्या पात्यावरचा हिरवा रंग हेमकांतला दाखवला. ते बघताच तो खाली बसला.

"अप्पा, हेमराजकाका छातीवर बठेल व्हता. केळी जळी ऱ्हायनी, मोटर दे, मोटर दे. ती ओली ऱ्हायनी, माले ठाऊक व्हतं. वाटनं, दोन दिन चालनी म्हंजे आपोआप सुकी जाई. मंग वायर परत पाचमा लाई देसू."

"रिलेनी दोन दिन त्याले वाचाडं. तिसरे दिन तू त्यानं तोंड बांधं. तो रोज मोटरले हात लाईसन पाया पडस, हाई तुले ठाऊक नव्हतं?"

"अर्थिंग शे ना, असं वाटनं माले! रंगनं ध्यानमाच उनं नही. मी काय बन्सीलालकाकाले मारासाठे करं का?"

"नही. मारासाठे नही." मी म्हणालो. "पन तो मरना. त्यानंतर तू त्यानी पोरकडे बोट दाखाडं. मन्हाफाईन लिखी लेवाले निंघना व्हतास."

त्याने रंगाच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग म्हणाला, "लोके म्हनतीन, पोरनी चुकी व्हयनी. चुकी माफ व्हस, अप्पा. मन्हं तर दुकानच जाई."

चूक मला समजली असती. घाई समजली असती. पण बापाला आपल्या हाताने मारलं, ह्या समजुतीत एक मुलगी जन्मभर राहील, हे ह्याने मोजून पाहिलं होतं आणि ते त्याला चाललं होतं. ज्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली, त्याच्याच पोरीवर हा आळ. आणि त्या कागदावर सही माझी हवी होती.

"युक्ती तुम्हीच शिकाडी व्हती," तो शेवटी म्हणाला.

"हा. तेबी लिखस मी."

घरी येऊन मी लिहायला बसलो. प्रतिभा, माझी बायको, समोर येऊन उभी राहिली. हेमकांतने तिला फोन केला असावा. "एकच तर शे आपला," ती म्हणाली.

"बन्सीलालबी एकच व्हता, प्रतिभा."

ती आत गेली. मी वायर, माशीचं घर, वॉर्निश, रंग, स्क्रूमधला कण आणि छबूबाईचं बोलणं, सगळं लिहिलं. मुलाचं नाव वडिलांच्या नावासकट पूर्ण लिहिलं. शेवटी लिहिलं, "रिले निकामी करण्याची ही पद्धत त्याला मी शिकवली." सही केली.

कागद आधी स्वप्नालीला दिला. तिने दोनदा वाचला. "म्हणजे मी नाही," ती म्हणाली.

"तू नाहीस. आणि मी तुला विचारायला नको होतं."

"काय लिखेल शे?" छबूबाईने दारातून विचारलं. स्वप्नालीने सांगितलं. छबूबाई तीन दिवसांनी पोरीजवळ आली, तिचं डोकं छातीशी धरलं आणि मोठ्याने रडली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. तिने बघू नये असंच मलाही वाटत होतं.

शनिवारी समितीने कागद वाचला. हेमराज मान खाली घालून बसला होता. दुपारी मी स्वतः हेमकांतला गाडीवर बसवून पोलीस ठाण्यात घेऊन गेलो.

पंधरा दिवसांनी, सरकारी तपासणी उरकल्यावर, स्वप्नालीने पंपघर पुन्हा जोडलं. दुसरी मोटर आणली होती. तिने कानशीने रंग घासून लोखंड उघडं केलं आणि त्यावर अर्थिंगची वायर आवळली. पॅनलमधली वायर पाच नंबरात घातली. मोटर सुरू केली आणि रिलेचं चाचणीचं बटण दाबलं. लाल पट्टी पडली आणि मोटर थांबली. "सर, तुम्ही तपासा," ती म्हणाली. मी म्हणालो, "आता तुझीच सही पुरे."

बाहेर छबूबाई घागर घेऊन आली होती. खड्ड्याशी थांबली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलली.

"भाऊ, आते तरी पानी पोचस ना?"

"पोचस, बाई," मी म्हणालो.

तिने घागर ओतली.